चांदणीबाई ओवाळल्याशिवाय हलत नाहीत

आमच्या कासू गावात गणूदादा झाडून सगळ्यांना अरे-तुरे करतो. एकदा तहसीलदार गावात आले, तर "बस रे, च्या घे," एवढंच त्यांचं स्वागत झालं. अहो-जाहो तो फक्त एकीला करतो, ती म्हणजे त्याची पांढरी घोडी. "चांदणीबाई, जरा पाय उचला. बाई, पाणी पिता का?" मी पेणच्या शाळेत इतकी वर्षं शिकवतेय, तिथली मुलं मला बाई म्हणतात. गणूदादाला मात्र मी 'ए मास्तरीण'.

चांदणी वरातीची घोडी. पेणपासून रोह्यापर्यंतचे निम्मे नवरे हिच्या पाठीवरून मांडवात गेलेत आणि त्यातल्या एकाचंही नाव गणूदादाला आठवत नाही. "नवऱ्यांचं काय घेऊन बसलीस? बाई कशा चालल्या ते विचार."

पुढे नवरे गाडीतून यायला लागले. तेवढ्यात पेणच्या डॉक्टरमॅडमनी त्याला सांगितलं, की ज्यांचे पाय, कंबर अधू आहेत त्यांना घोड्यावर बसवून हळू फिरवलं तर अंगाला चालण्याची सवय लागते. झालं. दर रविवारी रोह्याहून टेम्पो भरून मुलं यायला लागली. टेम्पोवाला भाडं घेत नाही, गणूदादा फी घेत नाही. ज्याला जमेल त्याने गवताचा भारा आणायचा. मिठागरावरची माणसं खडेमीठ आणतात, ते चांदणी चाटते. मॅडम आणि मी दोन्ही बाजूंनी मुलाला धरून चालतो. मला कुणी विचारलं नव्हतं. "ए मास्तरीण, रविवारी मोकळीच असतेस," एवढ्यावर माझी नेमणूक झाली.

पहिल्याच रविवारी फजिती झाली. सानिया नावाच्या चिमुरडीला ओट्यावरून घोडीवर बसवलं आणि चांदणी जागची हलेना. गूळ दाखवला, चुचकारलं, मॅडमनी इंग्रजीतही विनवलं. शेवटी गणूदादाने कपाळावर हात मारला. "अगो, ओवाळलं कुठं? बाई ओवाळल्याशिवाय नाय निघायच्या."

जन्मभर दारातून नवरा ओवाळून निघालेला, तिला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. मग गणूदादाच्या बहिणीने, वत्सूताईने, ओट्यावर बसल्या जागेवरून तबक फिरवलं, आणि तिसरी फेरी पुरी होताच चांदणी चालू लागली. तेव्हापासून प्रत्येक मुलाचं औक्षण होतं. सानिया पहिल्यांदा आधाराशिवाय ताठ बसली, तेव्हा तिच्या आईने आधी घोडीला गूळ भरवला आणि मग रडून घेतलं.

वत्सूताई गणूदादाहून धाकटी. वय पन्नाशीचं. लहानपणी तापात पाय गेले, तेव्हापासून तिचं जग म्हणजे तो ओटा. तिथे बसून ती वाल सोलते आणि गावाची खबर ठेवते. मॅडम तिला दर रविवारी सांगायच्या, "ताई, तुमच्या पाठीलाही बरं वाटेल, बसा एकदा." ती झिडकारायची. "लगीन नाय झालं, नि आता वरातीच्या घोडीवर बसू? गाव हसंल." यावर गणूदादा घोडीकडे वळून म्हणायचा, "ऐकलंत, बाई?"

आणखी एक गोष्ट मला खटकायची. चांदणीचं खोगीर. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातल्या कारागिराकडून गणूदादाने खोगिराला टेकायला पाठ करून घेतली होती, सोनेरी, वर कमळ. पण ते एवढं ऐसपैस की मुलाच्या चहूबाजूंनी गोधड्या कोंबाव्या लागत. "एवढं मोठं कशाला रे केलंस?" मी विचारलं. "पोरं वाढतील की," तो म्हणाला.

गेल्या श्रावणातली गोष्ट. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि रोह्याचा टेम्पो अडकला. मॅडम मात्र पेणहून पोचल्या होत्या. घोडी सजून ओट्याला लागलेली, तबकात दिवा लागलेला आणि बसायला कुणी नाही. "चला बाई, आज सुट्टी," गणूदादा म्हणाला. चांदणी ढिम्म. त्याने लगाम ओढला, तरी ढिम्म. ओट्याला लागल्यावर रिकाम्या पाठीने परतायचं हे तिला मंजूर नव्हतं.

वत्सूताईने मान लांब करून रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. पावसाने सगळे घरात होते.

"कोण नाय ना रे, दादा?"

"नाय."

"मंग बसव."

आम्ही तिघांनी तिला उचलून बसवलं. मी सवयीने गोधडी घेतली, पण कोंबायला जागाच नव्हती. कमळाची पाठ तिच्या पाठीला नेमकी टेकली होती. मॅडमनी गणूदादाकडे पाहिलं. तो घोडीची आयाळ सारखी करत होता.

आता ओवाळणारीच वर बसलेली. मी तबक उचलायला गेले, तर त्याने ते माझ्या हातून घेतलं. "ऱ्हाऊ दे, मास्तरीण." ज्याने जन्मात तबक धरलं नव्हतं त्याने ते उलटं फिरवलं. चांदणीने कान टवकारले, पाय उचलला नाही.

"उजवीकडून, दादा," वत्सूताई वरून म्हणाली.

त्याने पुन्हा धरलं. "अहो वत्सलाबाई," तो म्हणाला, "जरा ताठ बसा."

तिसऱ्या फेरीला चांदणी निघाली. कोपऱ्यावर तो घोडी वळवायला लागला, तर वत्सूताई म्हणाली, "वळवतोस कशाला? ठेशनावर ने."

गाडीची वेळ होती, फलाटावर निम्मं गाव असणार. मी तसं सांगितलं.

"असूंदे," ती म्हणाली. "बगूंदेत."