हुपाजीरावांची शेपटी वाढली

एका जंगलात हुपाजीराव नावाचे वानर राहत होते. ते टोळीचे नाईक होते. बाळांनो, नाईक व्हायला अक्कल लागत नाही, शेपटी लागते. आणि हुपाजीरावांची अर्धी शेपटी बिबट्याने नेली होती. उडी मारली की ते फांदीऐवजी काट्यांत पडत. पुनवेच्या सभेत नवा नाईक निवडायचा, असं टोळीत ठरू लागलं.

हुपाजीराव रडकुंडीला येऊन डॉक्टर बगळ्यांकडे गेले.

"सोपं आहे," बगळे म्हणाले. "प्रत्येकाच्या अंगात मजूर असतात. त्यांना जनुकं म्हणायचं. पण मुकादमाने हाक दिल्याशिवाय एकही जागचा हलत नाही. हा मुकादम म्हणजे एक प्रथिन. तुमचे शेपटीचे मजूर झोपलेत. आपण पालीचा मुकादम आणू. तिची शेपटी तुटली की तो पुन्हा उगवून देतो."

"पण माझे मजूर परक्याचं ऐकतील का हो?"

"अहो, उंदराच्या डोळ्याचा मुकादम मी माशीच्या तंगडीत बसवला. तंगडीला डोळा फुटला! तोही माशीचाच. माझा सत्कार झाला त्याबद्दल."

डोळ्याचा मुकादम बहुतेक प्राण्यांत सारखाच असतो, बाकीच्यांचं तसं असेलच असं नाही, हे काही बगळ्यांनी सांगितलं नाही. सत्कारातही कोणी विचारलं नव्हतं.

पाल चुकचुकली, पण तिने मुकादम दिला. तो हुपाजीरावांच्या अंगात शिरला आणि ओरडला, "उठा रे! शेपटी वाढवा!"

आता हुपाजीरावांचं घराणं पडलं जुन्या वळणाचं. त्यांच्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. मजूरही त्याच वळणाचे. त्यांना वाईट वाटलं, पण हुकूम तो हुकूम. त्यांनी हात जोडले आणि कामाला लागले.

पुनवेच्या सकाळी उरलेली अर्धी शेपटीही गळून पडली.

"मेलो की हो, डॉक्टर! आता सभेत कोणत्या तोंडाने जाऊ?"

"तोंडाचा प्रश्नच नाही. पाठ तेवढी झाडाला टेकवून बसा."

सभा भरली. बगळ्यांनी शाल सावरली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "प्रयोग पूर्ण झाला. नाईकांची शेपटी वाढली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हाताऱ्या वानरिणीने तेवढा पदर डोळ्यांना लावला. हुपाजीराव नाईक राहिले, आणि अजून त्या झाडापासून उठलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बगळ्यांच्या दारात रांग लागली. सगळ्यात पुढे हत्ती होता. त्याला सोंड वाढवून हवी होती.

तात्पर्य : प्रयोग फसला तरी खचू नये. अहवाल मराठीत लिहावा.