परबांची गाडी खपवताना

गाडी विकायला काढून गिऱ्हाइकाचीच चौकशी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी परब. घरी कोण कोण असतं? गाडी उन्हात ठेवणार की शेडमध्ये? तापट आहात का? अहो, गाडी विकताय की मुलगी देताय!

बरं, गाडी म्हणजे काय, तर पन्नास वर्षांचा अमेरिकन सांगाडा. तो उभा करून पाव मैलाच्या सरळ शर्यतीत पळवायचा, असं मुलगा चिन्मय दहा वर्षांचा असताना बापलेकांनी ठरवलं. आता चिन्मय नाशकात इंजिनिअरिंगला, आई त्याच्याजवळ, आणि परब इथे कतारमध्ये, दुखानच्या टाउनशिपमध्ये एकटे. गाडीला अजून सीट नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "झालीच म्हणा! इन्शाल्ला, पुढच्या शुक्रवारी."

फॅमिली नाही म्हणून कंपनीने घर महिनाअखेर सोडायला सांगितलं. बॅचलर रूमला कसली आलीय शेड? गाडी विकली नाही तर सरळ भंगारात. म्हणून जाहिरात मी टाकली, फोन मी घेतले, आणि दोह्याहून तासभर गाडी हाकत आलेल्या माणसांना हे पिटाळणार! एकाला म्हणाले, "बॉनेट आपटलंत तुम्ही. नाही जमायचं."

कहर म्हणजे, स्वतः बसवलेला गिअरबॉक्स पुन्हा खोलताना मी त्यांना रंगेहाथ पकडलं. मी भडकलोच, "परब, डोकं फिरलंय का तुमचं?"

ते पाना पुसत राहिले. "पोरगो शुक्रवारी फोन करता. गाडी खंयपर्यंत इली, इतक्याच इचारता. पुरी झाली तर मगे काय इचारतलो?"

"काहीतरी विचारेल हो! मुलगा आहे तुमचा. विका आणि खरं सांगून टाका त्याला."

शेवटच्या शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियातला एक पठाण मेकॅनिक ट्रक घेऊन आला. परबांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. गाडी ट्रकवर चढत होती तेवढ्यात परबांचा फोन वाजला. हात ग्रीसने भरलेले, म्हणून स्पीकर लावला.

"हाय बाबा. गाडी कुठवर आली?"

"विकली रे."

"ओह. ओके. आईला देऊ?"

"दे."

बायकोशी दोन शब्द बोलून त्यांनी फोन ठेवला. ट्रक गेला. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचाच राग आला.

"तुम्ही तुमच्या पोरांशी काय बोलता हो?" परबांनी विचारलं.

मी दोन पोरांचा बाप. म्हटलं, "मार्क किती पडले, इतकंच."