विषय : टेबलाची सजावट करणेबाबत

फुलवालीकडून एक साधा गुच्छ आणायचा होता. एवढंच. पण ज्या माणसाने ऑफिसच्या रेकॉर्ड विभागात वीस वर्षं दुसऱ्यांनी बांधलेले गठ्ठे सोडून पुन्हा बांधण्यात घालवली, त्याला दुसऱ्याने बांधलेला गुच्छ कसा पटावा? मी म्हणालो, "टेबलाची सजावट मी करतो."

टेबलक्लॉथवरून फिरणारी हिची इस्त्री थांबली.

"अहो, परवा ताई येतेय."

"म्हणूनच तर!"

"म्हणूनच म्हणतेय, नको."

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि कारण होतं एक पातेलं. सासूबाईंच्या सासूबाईंचं, जाड तांब्याचं, दोन कड्यांचं. ते एके दिवशी सासूबाईंच्या घरातून नाहीसं झालं. हिला वाटलं ताईने नेलं, ताईला वाटलं हिने नेलं. (या आगीत मीही यथाशक्ती तेल ओतलं होतं, पण ते ओघाने येईलच.) शेवटी सासूबाईंनी फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "या सुट्टीत दोघी एका टेबलावर नीट जेवलात तर ठीक. नाहीतर यापुढे मी दोघींच्याही दारात पाऊल ठेवणार नाही." सासूबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. त्यामुळे हिला त्या दिवशी कुठेही, काहीही चुकायला नको होतं. आणि नेमकी तेव्हाच मला कला सुचली.

मोबाईलवर एका बाईने चार फांद्या, तीन फुलं आणि एक उसासा एवढ्या सामग्रीत दहा मिनिटांत टेबल सजवलं होतं. मला दीड दिवस लागला. शेजाऱ्यांच्या कुंपणाची छाटणी झाली होती, त्यातल्या सगळ्या फांद्या मी उचलल्या. (थोड्या छाटायच्या राहिल्या होत्या, त्याही.) प्रत्येकीला लांबीप्रमाणे नंबर दिला. आता हे सगळं उभं राहायला खाली काहीतरी दणकट हवं. माळ्यावर एक जड भांडं सापडलं, बाहेरून-आतून पांढऱ्या डिस्टेंपरने माखलेलं. दोन वर्षांपूर्वी बाल्कनी रंगवताना मी त्यात रंग कालवला होता. ते आणलं कुठून, हे काही आठवेना. त्याला हिरवा क्रेप कागद गुंडाळला, वरून ऑफिसच्या लाल फितीने सात गाठी मारल्या आणि फांद्यांच्या मधे फुलं खोचली.

टेबलाची लांबी-रुंदी मी मोजली होती. सजावटीला उंचीही असते, हे मंडळी जेवायला बसल्यावर कळलं.

"पाया चांगला खणलाय," साडू म्हणाले. ते इमारतींची कंत्राटं घेतात. "वर किती मजले काढणार?"

"जावईबापू," सासूबाईंनी चष्मा वर-खाली केला, "माझी थोरली आली आहे ना? का नुसता आवाजच आलाय?"

थोरली पलीकडे होती. अलीकडे ही. मधे माझं जंगल. दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं, ही माझ्या मते सजावटीची जमेची बाजू होती.

"भावोजी, तिला विचारा, मीठ आहे का तिकडे," पलीकडून आवाज आला.

"अहो, सांगा तिला, मीठ मधेच आहे. सापडलं तर घे म्हणावं."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. ही धोक्याची घंटा होती.

"फुलं मात्र माना टाकायला लागली हं," पलीकडून ताई म्हणाल्या. "पाणी घातलेलं दिसत नाही. पण असू दे. वस्तू सांभाळायच्या कशा, हे या घरात कुणाला माहितेय?"

'वस्तू' हा शब्द बंदुकीच्या गोळीसारखा फांद्यांमधून आला. हिने तोंड उघडलं. त्यातून काही बाहेर पडायच्या आत मी पाण्याचा जग उचलला आणि भांड्यात रिकामा केला. मग सासूबाईंसमोरचाही.

दुधासारखं पांढरं पाणी काठावरून उतू आलं. क्रेप कागद विरघळला, आणि हिरवा-पांढरा ओघळ थेट ताईंच्या साडीच्या दिशेने निघाला. ही फडकं घेऊन धावली. आधी टेबल पुसलं, मग भांडं. भांड्यावरून हात फिरला तसा पांढरा रंग गेला, त्याखाली काळा निघाला, काळ्याखाली तांबडा. ती आणखी जोरात घासायला लागली. मग एकदम थांबली.

"ताई," ती हळूच म्हणाली. दोन वर्षांतली ही पहिली थेट हाक. "जरा इकडे ये गं."

ताई आल्या. सासूबाईही उठल्या. कडीखाली कोरलेल्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं. "माझ्या सासूबाईंचं नाव."

मग तिघींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. आणि मला लख्ख आठवलं. रंग कालवायला भांडं हवं म्हणून मी सासूबाईंकडे गेलो होतो. त्या दुपारच्या झोपल्या होत्या. जिन्याखाली एक काळंकुट्ट भांडं पडलं होतं. झोपमोड कशाला करायची, म्हणून उचललं. पुढे दोन वर्षं घरात तांब्याच्या पातेल्याचा घोष चालला होता, पण तांबं लाल असतं, एवढं सामान्यज्ञान मला होतं.

"मिळालं ना शेवटी?" मी म्हणालो. "आमच्या विभागात फाइल मिळाली की चौकशी बंद करतात."

ताईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. "हे आज हिच्या तोंडावर फेकायला आणलं होतं," म्हणाल्या, आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "'विषय : पातेले परत करणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर पातेले सात दिवसांचे आत जमा न केल्यास...' सख्ख्या बहिणीला 'महोदया'? मी रात्रभर रडले होते गं!"

"ताई, मी नुसती सही केली. मी म्हटलं होतं, चार ओळी प्रेमाच्या लिहा. मसुदा यांचा!"

"यांचा?"

"पातेलंही यांचंच काम, आणि मसुदाही!"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग ताईंना जे हसू फुटलं, ते हिच्या गळ्यात पडूनही थांबेना. सासूबाईंनी डोळे पुसले आणि चमचा पुन्हा हातात घेतला. "बसा आता जेवायला. जावईबापू, तुम्ही आधी ते पातेलं घासा."

मी घासलं. लिंबाने, राखेने, शेवटी नखांनी. बाहेर दोघी बहिणी खिदळत होत्या. माझ्यामुळे घर जुळलं, असं मी साडूंना म्हणालो तेव्हा त्यांना ठसका लागला.

पुढच्या सुट्टीचं जेवण ताईंकडे ठरलं. महिनाभर आधी आमंत्रण आलं, पोस्टाने, माझ्या एकट्याच्या नावाने. अक्षर ताईंचं, खाली सह्या दोघी बहिणींच्या.

"विषय : सुट्टीच्या भोजनास उपस्थित राहणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, टेबलाची सजावट करण्यात आलेली आहे. आपण येताना रिकाम्या हाताने यावे. तसेच जातानाही रिकाम्या हातानेच जावे. प्रत माहितीसाठी : सासूबाई. त्या यापुढे दुपारी झोपणार नाहीत."