मुंगीचे सहा पाय

पिना मारायच्या होत्या, एवढंच. शनिवारी दुपारी आमच्या प्रांजलीनं कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "बाबा, याला तीन पिना मारून दे." स्टेपलर घरात होता, हात रिकामे होते, मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं अशीच 'हो' म्हटल्यावर सुरू झाली आहेत. (अलका म्हणते, लग्नाबद्दल बोलत असाल तर स्पष्ट बोला.)

तो गठ्ठा म्हणजे पुस्तक होतं. आमच्या जयनगरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी सोनम ही प्रांजलीची जिवलग मैत्रीण. मंडळी मूळची निपाणीची. तिच्या वडिलांची, शिवाप्पांची, धारवाडला बदली झाली होती आणि रविवारी सकाळी सामानाचा टेम्पो येणार होता. सोनमला द्यायला म्हणून प्रांजली महिनाभर हे चित्रांचं पुस्तक करत होती. गोष्ट साधी. एका गोगलगायीला इथल्या लालबाग उद्यानातल्या उंच खडकावर चढून शहर बघायचं असतं. ती पुन्हा पुन्हा घसरते, पण तिची मैत्रीण मुंगी काही तिला सोडून जात नाही.

मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं व्हॉल्व्ह तपासतो आहे. समोर काहीही आलं की माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडं जातो. (सासरी एकदा मी पुरणपोळीचा व्यास मोजला होता. तो विषय अजून बंद झालेला नाही.) पान तीन, गोगलगायीला शिंगं तीन. लाल गोल. पान पाच, शंखाचा पीळ उलटा. लाल गोल. पान सात, मुंगीला पाय चारच. तिथं दोन लाल गोल आणि खाली माझ्या सुवाच्य अक्षरात 'रीवर्क'. मग तारीख टाकली, सही ठोकली, पिना मारल्या आणि समाधानानं चहा मागितला.

प्रांजली रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुस्तक सावकाश शेवटपर्यंत पाहिलं, मिटलं आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. अलकानं पुस्तक पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "अहो, ते पोर उद्या जाणार आहे." मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

खोडरबर झालं, ब्लेड झालं, पांढरी शाई झाली. लाल काही जाईना. मग मी नव्या कागदावर सातवं पान काढायला बसलो. व्हॉल्व्हचं ड्रॉइंग मी डोळे मिटून काढतो, पण गोगलगाय जमेना. पहिलीची जिलबी झाली, चौथीचा कुकर. अकरावी बरी वाटली म्हणून अलकाला दाखवली, तर ती म्हणाली, उंदीर छान आलाय.

रविवारी टेम्पो आला. ड्रायव्हर मल्लाप्पा खालून "सर, स्वल्प बेगा" म्हणत घाई करत होता. सोनम निरोप घ्यायला आली, तेव्हा प्रांजली पुस्तक पाठीमागं लपवून उभी होती. शेवटी मीच पुढं होऊन सगळं कबूल केलं आणि माझं अकरावं पान तिच्या हातात दिलं. सोनमनं ते पाहिलं, सभ्यपणे टेबलावर ठेवलं आणि प्रांजलीकडून पुस्तक ओढून घेतलं. सातव्या पानावर ती थांबली.

"काका, दोन पाय शंखाच्या मागं हायत की. ढकलायलीय ती."

"आणि तीन शिंगं?" मी विचारलं.

"मान हलवायलीय. वर किती राह्यलं बघाय."

प्रांजली कालपासून पहिल्यांदा हसली. एकोणीस वर्षांच्या इन्स्पेक्टरला जे दिसलं नाही, ते या सात वर्षांच्या पोरीला एका नजरेत दिसलं होतं. मी खिशातून रुमाल काढला. (शिंक आल्याचं नाटक केलं, कोणीही फसलं नाही.) शंखाच्या पिळाबद्दल मी विचारलंच नाही.

मग दोघींनी माझं लाल पेन मागून घेतलं, कोपऱ्यात बसून पुस्तकाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं, बराच वेळ एकमेकींना मिठी मारली, आणि टेम्पो गेला.

संध्याकाळी धारवाडहून शिवाप्पांनी त्या पाठीचा फोटो पाठवला. वर लिहिलं होतं, 'चित्रं: प्रांजली. पिना: बाबा.' तीनपैकी मधली पिन तिरकी बसली होती. तिच्याभोवती लाल गोल, खाली 'रीवर्क', तारीख आणि दोघींच्या सह्या.