बेलाच्या चढाचा पाहुणचार

सायकल सहलीच्या बैठकीला बेलाचा चढ स्वतः आला आणि पायांत चपला नसल्यामुळे थेट आत येऊन सोफ्यावर बसला.

दिगंबर गायधनींनी त्याला लगेच ओळखलं. नाशिकहून द्राक्षबागांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर जिथे एकटं बेलाचं झाड उभं आहे, तिथवरचा तो चढ. घरात तो बराच अंग चोरून बसला होता, पण चढ तो चढच. त्याने टेकल्याबरोबर दिवाणखाना एका बाजूने वर उचलला गेला आणि चिवड्यातले शेंगदाणे घरंगळत मित्र भास्कर पिंगळ्यांच्या पायाशी जाऊन थांबले. भास्करने ते उचलून खाल्ले आणि बैठक पुढे चालू केली.

सहल साधीच होती. सायकलवरून, निवांत, तीन वायनऱ्या. प्रत्येक ठिकाणी सावलीत बसायचं, थोडी चव घ्यायची, द्राक्षांकडे बघायचं, संध्याकाळी घरी. निवृत्त झाल्यापासून दिगंबरराव या सहलीचं नियोजन करत होते, आणि नियोजनात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. सहलीला मात्र अजून कुणी गेलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, वासंतीताईंनी, याच सहलीसाठी साठीच्या उंबरठ्यावर सायकल शिकून घेतली. पडल्या, गुडघा फोडून घेतला, पुन्हा शिकल्या. परवाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "या रविवारी मी जाणार. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाहीतर भास्करभावजींबरोबर."

अडचण चढाची होती, हे दिगंबररावांना मनातून ठाऊक होतं. पोट सुटलेलं, दम तोकडा. अर्ध्यात उतरून सायकल ढकलावी लागली आणि ते वासंतीने पाहिलं, तर इतकी वर्षं घरात सांभाळलेला रुबाब, जो मुळातच बेताचा होता, तोही जायचा. म्हणून त्यांनी चढाला वळसा घालून जाणारा रस्ता आखला होता. तो इतका लांबचा होता, की वाटेत मुक्कामाला एखादा नातेवाईक शोधावा लागला असता.

"मी काय भांडायला आलो नाही," चढ म्हणाला. "फक्त इचारायला आलो. मला का गाळलं?"

"वैयक्तिक काही नाही," दिगंबरराव म्हणाले.

"जाताना समदे शिव्या घालतात. ते चालतं. पण येताना मीच उतार असतो ना, साहेब. तवा लोक गाणी म्हणत जातात, अन् ओळखसुद्धा देत नाहीत."

वासंतीताईंना हे पटलं. "मला तर तो उतारच हवाय," त्या म्हणाल्या. "बेलापासून खाली, ब्रेकला हात न लावता. त्यासाठीच शिकले मी."

तेवढ्यात भास्करला तिकडच्या मेव्हण्याचा फोन आला. बेलाजवळचा रस्ता दुपारपासून सपाट झालाय, तुमच्याकडे काही कळलं का, असं तो विचारत होता.

"हो, चढ इथे गायधनींकडे बसलाय."

"मग ठीक," मेव्हणा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दिगंबररावांचं डोकं अशा वेळी भलतंच चालायचं, आणि चाललं की मालकालाच तोंडघशी पाडायचं. "रविवारी आमच्याकडे जेवायलाच या की!" ते चढाला म्हणाले. "अगदी सकाळीच या. आमची परतायची वेळ झाली की आपल्या जागी जा."

चढाला गहिवरून आलं. त्याला आजवर कुणी जेवायला बोलावलं नव्हतं.

"ठराव मंजूर," भास्कर म्हणाला. मग सगळे दिगंबररावांकडे बघत राहिले, आणि काय होऊन बसलंय ते त्यांच्या सावकाश लक्षात आलं. पाहुण्याला जेवायला बोलावून यजमानाने स्वतः सहलीला निघून जायचं, असं गायधनींच्या घरात कधी झालं नव्हतं. ज्याने बोलावलं त्याने वाढायचं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही शेपटीसकट.

"राहा तुम्ही घरी निवांत," वासंतीताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर दिगंबररावांना बरं वाटलं असतं.

रविवारी चढ आला तेव्हा वासंतीताई आणि भास्कर निघून गेले होते. दिगंबररावांनी पाटाखाली विटा लावून पाट सरळ केला आणि आग्रह करकरून वाढलं. आमटी ताटात एका कडेला जाऊन उभी राहत होती, तिला चढाने नावं ठेवली नाहीत. जेवण झाल्यावर तो लवंडला आणि घोरू लागला. दिगंबरराव खिडकीशी बसून राहिले. तीन वायनऱ्यांचं सगळं नियोजन त्यांना पाठ होतं, कुठे सावली किती वाजता येते तेसुद्धा. आपल्याला सगळं येतं, फक्त जाता येत नाही, असं त्यांना वाटलं आणि ते स्वतःशीच हसले. हसू काही फार टिकलं नाही.

वासंतीताईंचा फोन आला. "रस्ता नुसता सपाट आहे हो. कधी निघालो अन् कधी पोहोचलो, कळलंच नाही. थांबून श्वास घ्यायचं कारणच मिळालं नाही. भावजी पहिल्याच वायनरीत आत जाऊन बसलेत. मी बेलाखाली आहे. तुम्हाला सोडून आत जायला बरं वाटेना." मग म्हणाल्या, "चढाला पाठवा लवकर. उतार तरी मिळू दे."

दिगंबररावांनी चढाला उठवलं.

"जातो की," चढ म्हणाला. "पण कुणीतरी न्यावं लागंल. येताना उतरत आलो. त्या दिवशी द्राक्षांच्या ट्रकनं परत नेलं, आज रविवार, ट्रक न्हाई. मला काही चढता येत नाही, साहेब. मी नुसता असतो."

रिक्षावाल्याने एकदा चढाकडे आणि एकदा रिक्षाकडे पाहिलं, आणि मीटरने येणार नाही म्हणाला. बिनमीटरचंही नाहीच म्हणाला. शेवटी दिगंबररावांनी सायकल काढली. कॅरिअरवर चढाला आडवं घातलं, वासंतीताईंच्या जुन्या साडीने बांधलं आणि निघाले.

चढ सोबत असल्यामुळे जिथे जावं तिथे चढच होता. कॉलनीतली गल्ली चढाची, सिग्नल चढावर, पुलावरसुद्धा चढ. छातीचा भाता फुटायला आला. पेट्रोल पंपापाशी त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि गुपचूप उतरून सायकल ढकलायला लागले.

"काका, पंक्चर का?" स्कूटीवरच्या एका बाईंनी विचारलं.

"नाही. मागे चढ आहे."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि गिअर नसलेली स्कूटी जपून बाजूने काढली.

"उतरलात का?" मागून चढाने विचारलं.

"निसर्ग बघतोय," दिगंबरराव म्हणाले. समोर पेट्रोल पंप होता. चढ सभ्य होता, त्याने ते मानून घेतलं.

शहर संपलं. बेलापर्यंतचा रस्ता आता आरशासारखा सपाट पसरला होता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला झाडाखाली वासंतीताई उभ्या होत्या. तेव्हा दिगंबररावांना आपल्या नियोजनातली खरी चूक कळली. चढ जागेवर असता, तर निदान निम्म्या वाटेत ते तिला दिसलेच नसते. आता लपायला काहीच नव्हतं. घामाने निथळत, पोट पुढे, मान खाली, सायकल ढकलणारा आपला नवरा त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.

दिगंबरराव झाडाशी पोहोचले. बोलायला श्वास नव्हता.

वासंतीताईंनी पदराने त्यांचं कपाळ पुसलं. "उतरून चालताना बरे दिसता हो," त्या म्हणाल्या. "सायकलवर नुसते घाबरलेले दिसता."

दिगंबररावांचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्यांनी साडीची गाठ सोडली, चढाला उचलून रस्त्यावर ठेवलं आणि दोघं मागे सरली. चढाने अंग ताणलं आणि तो आपल्या जागी पसरला.

तो उलटा पसरला होता. शहराकडचं टोक वर गेलं आणि बेलाचं झाड तळाशी आलं.

"अरे देवा," दिगंबरराव म्हणाले. "तुझा उतार गेला. थांब, मी त्याला फिरवून घालतो."

"राहू द्या, साहेब," चढ म्हणाला. त्याचा आवाज आता पसरून, सगळ्या रस्त्याभर आला. "शहरातून येणारे आता गाणी म्हणत येतील. मलाबी जरा बदल."

वासंतीताईंनी वर पाहिलं. मग सायकलचं हँडल धरलं आणि घराच्या दिशेने ढकलायला सुरुवात केली. दिगंबरराव शेजारी आपली सायकल ढकलू लागले. दोघं मध्येच थांबत होती, श्वास घेत होती, खालच्या द्राक्षबागांकडे बघत होती. लग्नानंतर इतकं सावकाश कुठे चालल्याचं दिगंबररावांना आठवेना. सहल झाली नाही याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं.

वर पोहोचल्यावर त्यांनी घराकडे तोंड केलं. वासंतीताईंनी मात्र सायकल वळवली होती. त्यांचं पुढचं चाक उताराकडे होतं, आणि दोन्ही हात ब्रेकपासून चांगले लांब.

"घर तिकडे आहे," दिगंबरराव म्हणाले.

"आणि वायनऱ्या इकडे. तीनही राहिल्यात."

"पण मग परतताना पुन्हा हा..."

"ढकलू की," वासंतीताई म्हणाल्या, आणि निघाल्याही.

दिगंबररावांनी सायकल वळवली. खाली उतरताना त्यांनी चढाला ओळख दिली.