न चालणारं बटण

बटण चालत नाही, हे गेमवाल्याने तिसऱ्यांदा ठणकावून सांगितलं आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले.

तो व्हिडिओ गेमची रचना करायचा. त्याचा नवा गेम साधा होता. बागेतली पिकलेली लाल सफरचंदं तोडायची, हिरवं तोडलं की कुत्रा अंगावर. (हा कुत्रा त्याला स्वतःलाही दर वेळी चावायचा. पण ‘गेम कसा, अवघडच हवा!’ असं म्हणून पठ्ठ्या उलट मिरवायचा.) लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांनाही गेम खेळता यावा, असा साहेबांचा आग्रह होता. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीने एक बटण बसवलं. ते दाबलं की बाग त्या लोकांना दिसते तशी दिसणार, म्हणजे त्यांची अडचण आपल्याला कळणार.

त्याने दाबलं. बाग जशीच्या तशी.

“सर, चालतंय की!”

“मला काय डोळे नाहीत?”

तो असा पेटला की थेट साहेबांना मेल ठोकला : मुलीला काम येत नाही, तिला काढा. साहेबांचं उत्तर आलं : ‘उद्या दहाला दोघेही या. ज्याची चूक, तो या गेममधून बाहेर.’

साक्षीदार असावेत म्हणून संध्याकाळी त्याने घरच्या सोफ्यावर बायको आणि सासूबाईंना बसवलं.

“नीट बघा हं. मी बटण दाबतो आणि काहीही होत नाही.”

त्याने दाबलं.

“अगं बाई!” सासूबाई किंचाळल्या. “बाग वाळली की हो!”

“आई, थट्टा नको. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“अहो, थट्टा कसली? सगळी सफरचंदं पानांसारखीच मातकट झाली,” बायको म्हणाली. मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “तुम्हाला आधी कशी दिसत होती?”

“अशीच!”

बायकोने हळूच विचारलं, “आपला सोफा कोणत्या रंगाचा आहे?”

“तपकिरी. का?”

“जावईबापू,” सासूबाईंनी डोक्याला हात लावला, “पोपटी आहे हो! सहा वर्षं मी लोकांना सांगतेय, जावयाची आवड जरा धाडसी आहे म्हणून!”

गेमवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली. (तिचा रंग विचारायची त्याची हिंमत झाली नाही.) चाळीस वर्षांत हे कुणीच कसं सांगितलं नाही? आणि त्या बिचारीला आपण कामावरून काढायला निघालो होतो! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो त्याचा ठेवणीतला करडा शर्ट घालून निघाला. करड्यात माणूस गंभीर दिसतो, असं त्याचं ठाम मत होतं. साहेबांसमोर त्याने एका दमात सगळं कबूल केलं. “बटण चालतंय. मीच चालत नाही. चूक माझी. मला काढा.”

साहेब आ वासून बघत राहिले. “अरे, आठ महिने आम्ही असा माणूस शोधतोय गेम तपासायला! आणि तू माझ्या शेजारच्या टेबलावर बसलायस?”

मुलीची त्याने हात जोडून माफी मागितली. ती हसली आणि तासाभरात तिने प्रत्येक पिकल्या सफरचंदावर एक चांदणी काढून दिली. त्याने खेळायला घेतलं. कुत्रा जागचा हलला नाही! आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःच्याच गेमची पहिली पायरी पार केली. सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं.

तरंगतच तो घरी आला. “आई, पहिली पायरी पार!”

“छान हो! मी काल अकरावीवर पोचले,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तुमची घरातही अडचण नको म्हणून चिठ्ठ्या लावल्यात.”

खरंच, सोफ्यावर चिठ्ठी होती : ‘पोपटी’. पडद्यांवर : ‘हेही पोपटीच’. त्याला अगदी गहिवरून आलं. तेवढ्यात सासूबाईंनी एक चिठ्ठी त्याच्या छातीवर चिकटवली.

“ही सकाळीच लावणार होते, पण तुम्ही घाईत निघालात.”

त्याने मान खाली घालून वाचलं. ‘गुलाबी’.