गडगडीचं तेल गळायलाच हवं

एका जंगलात, मुलांनो, सिंह नव्हता. हात खाली करा, वाघही नव्हता. मग राज्य कोणाचं होतं, ते शेवटी कळेल. आधीच विचारायचं नाही. त्या जंगलात एक मोटरसायकल होती आणि तिचं नाव होतं गडगडी.

गडगडी बनवायचा रखमाजी मिस्त्री. हा अस्वल. नदीकाठी जांभळीखाली त्याचा कारखाना होता. पहिली गडगडी त्याच्या आजोबांनी बनवली, बापाने तशीच बनवत नेली आणि रखमाजीही तशीच बनवत होता. एक खिळा इकडचा तिकडे झालेला नव्हता. ह्याला जंगलात परंपरा म्हणायचे. तुमच्या वर्गात ह्यालाच कॉपी म्हणतात, पण ते जाऊ दे.

गाडी दिसायला राजबिंडी. टाकी भोपळ्यासारखी गोल, आवाज असा की घरट्यातली अंडी हलायची. पण तिची खोड वाईट होती. तिच्यातून तेल गळायचं. किक मारली की किक उलटी यायची आणि नेमकी उजव्या नडगीवर बसायची. त्यामुळे गडगडीवाले सगळे उजव्या पायाने लंगडायचे, आणि लंगडणाऱ्याला लग्नकार्यात पुढची जागा मिळायची. ब्रेकची तर तऱ्हाच निराळी होती. ह्या वळणावर दाबला तर तो पुढच्या वळणावर लागायचा.

गडगडीवाल्यांचं एक मंडळ होतं, अस्सल गडगडी मंडळ. अध्यक्ष अप्पासाहेब. हे गवा. एवढा मोठा गवा, पण गाडीविषयी बोलायला लागला की त्याचा गळा भरून यायचा. दर रविवारी मंडळ वडाखाली जमायचं. गाड्या रांगेत उभ्या करायचे आणि भोवती उभं राहून गाड्यांविषयी बोलायचे. चालवायचे केव्हा? वर्षातून एकदा. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला की सगळे घाट उतरायचे. तिसऱ्या वळणावर कोणीतरी पडायचंच. पडणारा करवंदीच्या जाळीत अडकायचा, मग त्याला ओढून काढायचे आणि पितळी बिल्ला द्यायचे. अप्पासाहेबांच्या छातीवर असे चार बिल्ले होते.

सहा वर्षांपूर्वी रखमाजीचा धाकटा भाऊ गणोजी त्या वळणावर पडला. तो जाळीत अडकला नाही. सरळ खाली गेला.

मंडळाने तिथे दगड बसवला आणि त्यावर कोरलं, ‘गडगडीचा सच्चा भक्त’. दर दसऱ्याला अप्पासाहेब दगडापाशी थांबून भाषण करायचे, डोळे पुसायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, गणोजी किती भाग्यवान. रखमाजी त्या दिवशी जेवायचा नाही. कारण एक गोष्ट मंडळ विसरलं होतं, पण तो विसरला नव्हता. गणोजी गेला त्याच्या आदल्या वर्षी रखमाजीने नवा ब्रेक करून मंडळाला दाखवला होता. दाबला की तिथल्या तिथे लागणारा. मंडळ हसलं होतं. अप्पासाहेबांनी खांद्यावर खूर ठेवून सांगितलं होतं, की मिस्त्री, ज्याला भरवसा हवा त्याने बैलगाडीत बसावं. रखमाजी लाजला होता आणि ब्रेक माळ्यावर टाकला होता. ती लाज त्याला भावाएवढी महाग पडली.

आणि आता त्याची मुलगी छबू मोठी झाली होती. ह्या दसऱ्याला मीही घाट उतरणार, असं तिने जाहीर करून टाकलं. रखमाजीने समजावलं, ओरडून पाहिलं, रुसूनही पाहिलं. पण छबू काकाच्या वळणाची, ती ऐकतेय होय? शेवटी त्याने माळ्याला शिडी लावली.

तीन महिने कारखान्याचं दार बंद राहिलं. बाहेर आली ती नवी गडगडी. बटण दाबलं की सुरू होणारी, थेंबभर तेल न गळणारी, दाबल्या जागी थांबणारी. टाकी जराशी लांबट केली होती, म्हणजे गुडघे लागायचे नाहीत. रखमाजी हरखून गेला. तो भोळा होता, मुलांनो. त्याला वाटलं, लोकांना थांबणारी गाडी आवडेल.

त्या जंगलात एक चाल होती. कोणाला काही मत असलं की पानावर लिहायचं आणि पान वडाच्या खोडावर डकवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वड दिसेनासा झाला.

एकाने लिहिलं, टाकीचा भोपळा होता तो दुधी झाला, कलियुग आलं. दुसऱ्याने लिहिलं, आमच्या आजोबांची कंबर ह्या गाडीने मोडली, वडलांची मोडली, आता माझी कोण मोडणार? तिसऱ्याने ती शिवणयंत्रासारखी वाजते असं लिहिलं. त्याने ती ऐकलेली नव्हती, पण आवाजाची कल्पना त्याला पानावरूनच आली होती. एका कोल्ह्याने नुसतं ‘आत्मा गेला’ एवढंच लिहिलं आणि त्याखाली दोनशे जणांनी पंजे उमटवले.

सगळ्यात जास्त पानं बंडोपंतांची होती. बंडोपंत म्हणजे कासव. ते जन्मात गडगडीवर बसलेले नव्हते, त्यांचे पाय पोचतच नव्हते. पण अभ्यास दांडगा. एकूण एकेचाळीस पानं त्यांनी लिहिली आणि शेवटच्या पानावर रखमाजीला विचारलं, की तू आजोबांच्या चितेवर ही गाडी पार्क करणार आहेस का.

रखमाजी ते पान वाचून खोडापाशीच मटकन बसला. त्याला राग आला नाही, रडू आलं. ह्यांच्यासाठी का आपण तीन महिने झोप सोडली, असं त्याच्या मनात आलं. मग दूरवर छबू पाणी भरताना दिसली आणि तो उठला.

तो तडक अप्पासाहेबांकडे गेला. म्हणाला, नवी गाडी कोणी घेऊ नका, हरकत नाही, फक्त माझ्या पोरीला ती घेऊन घाट उतरू द्या. अप्पासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते दुष्ट नव्हते. त्यांना छबूचं कौतुकही होतं. पण नियम म्हणजे नियम. घाटाच्या तोंडाशी पानपरीक्षा व्हायची. गाडीखाली पळसाचं पान ठेवायचं आणि अध्यक्षांचा विडा चघळून होईपर्यंत त्यावर तेलाचा थेंब पडायलाच हवा. पडला तर गाडी अस्सल. नाही पडला तर परत जा.

“मिस्त्री,” अप्पासाहेब म्हणाले, “जी गळत नाही तिच्यात जीव आहे, हे ओळखायचं कशावरून?”

 ह्याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? नाही ना. मग गप्प बसा.

घरी येऊन रखमाजीने पाना घेतला. नव्या गाडीवरची लांबट टाकी काढून जुनी गोल टाकी चढवली. नव्या ब्रेकवर जुनं गंजकं झाकण बसवलं. किक लावली, पण ती नुसतीच खालीवर व्हायची. खरं बटण हॉर्नच्या मागे लपवलं. धुराच्या नळीत पत्र्याचा डबा आणि चार गोटे बसवले, त्याबरोबर जांभळीवरचे पक्षी पूर्वीसारखे उडून गेले. शेवटी एक चिमुकला भोपळा पोखरून त्यात करंजाचं तेल भरलं, खाली सुईएवढं भोक पाडलं आणि इंजिनाच्या पोटाशी बांधून टाकला.

छबू बघत होती. तिला हे पटलं नव्हतं. लपवायचं कशाला, आपण खरं सांगू आणि भांडू, असं तिचं म्हणणं होतं.

“खरं मी एकदा सांगितलंय, बाई,” रखमाजी म्हणाला. “त्याच्या दुसऱ्या वर्षी दगड बसला.”

 छबूने भोपळ्याची गाठ आणखी एकदा आवळली.

दसरा आला. घाटाच्या तोंडाशी हार, गुलाल, सगळा थाट. छबूची पाळी आली, तेव्हा अप्पासाहेबांनी स्वतः पान ठेवलं आणि विडा तोंडात घातला.  विडा अर्धा झाला. थेंब नाही. विडा संपत आला. बंडोपंतांनी मान लांब काढली. आणि टप्.

“अस्सल!” अप्पासाहेब म्हणाले. थेंब बोटभर पसरला आणि बंडोपंतांनी तो हुंगून मान डोलावली. म्हणाले, हाच तो वास, असं तेल आताशा मिळत नाही. तेल त्यांच्याच शेजारच्या करंजाचं होतं.

गाड्या सुटल्या. पुढे अप्पासाहेब, मागे छबू, त्यामागे बाकीचे. तिसरं वळण आलं. अप्पासाहेबांनी ब्रेक दाबला. तो चौथ्या वळणावर लागणार होता, पण अप्पासाहेब तिथवर गेलेच नाहीत. ते करवंदीत गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ एक सांबर आणि दोन रानडुकरंही गेली. छबूनेही ब्रेक दाबला. गाडी दगडापाशी थांबली, अगदी दगडाला चाक न लावता. तिने काकाच्या नावावरून हात फिरवला आणि सावकाश घाट उतरून खाली आली.

खाली रखमाजी उभा होता. त्याने मुलीला जवळ घेतलं आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. त्याला कोणाची लाज वाटली नाही.

संध्याकाळी वडाखाली सभा भरली. गवा एवढा मोठा, काटे एवढे बारीक, तिघे जण अजून काढतच होते. तशाच अवस्थेत अप्पासाहेब बोलायला उठले. म्हणाले, इतक्या वर्षांत तिसऱ्या वळणावर जराही न डगमगता उतरलेली पहिली गाडी आज आपण पाहिली. ती कोणती होती? जुनी! गळणारी! आता तरी मिस्त्रींना कळलं असेल, की आजोबांच्या गाडीत काही खोट नव्हती. खोट चालवणाऱ्यांत होती. टाळ्या पडल्या. ठराव झाला, की नवी गडगडी कायमची बंद. रखमाजीने सुधारणा केल्याबद्दल मंडळाची माफी मागावी. आणि मंडळातल्या सगळ्यांना नेमकी छबूच्या गाडीसारखी जुनी गाडी बनवून द्यावी, तीत खिळाही बदलता कामा नये.

रखमाजी उठून उभा राहिला. खरं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. झाकण काढून दाखवलं असतं तर अप्पासाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. त्याने समोर पाहिलं. चाळीस लंगडे पाय, चाळीस माना, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच वळण.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “माफ करा.”

आता त्या जंगलात सगळे नवीच गडगडी चालवतात आणि नव्या गडगडीला शिव्या देतात. घाटात कोणी पडत नाही. किक उलटी येत नाही, तरी मंडळात नाव घालायला आलेले आठवडाभर लंगडायची सवय करतात. बंडोपंत आता जुन्या गाडीच्या ब्रेकवर ग्रंथ लिहीत आहेत. दर रविवारी रखमाजी वडाखाली फिरून एकेक भोपळा भरतो. एखादा रिकामा राहिला की मालक रडवेला होऊन धावत येतो, मिस्त्री, गाडी गेली हो. रखमाजी पाठीवर पंजा ठेवतो, वाकून उगाच खाटखुट करतो आणि तेल ओततो.

राज्य कोणाचं होतं, ते कळलं ना आता? त्या भोपळ्याचं.

आणि दसऱ्याला रखमाजी अजूनही जेवत नाही. भाषण संपवून सगळे खाली उतरले की तो दगडापाशी एकटा बसतो. गणोजीला म्हणतो, ब्रेक तर मी तेव्हाच केला होता रे. भोपळा बांधायचं तेवढं सुचलं नाही.

तात्पर्य: सुधारणा जरूर करावी, पण आधी गळकं भांडं शोधावं. ज्याला खरं सांगूनच सुधारणा करायची असेल, त्याने दगड कोरणाऱ्याला आगाऊ वर्दी द्यावी.

आणि हो, घरी गेल्यावर बाबांच्या मोटरसायकलखाली वाकून बघायचं नाही. त्यांना वाईट वाटतं.